कोणती बोटं?

माझ्या आईच्या हाताला रात्री मुंग्या यायच्या. पहाटे तीन-साडेतीनला ती अंथरुणात उठून बसायची आणि ताप मोजण्याआधी जुना थर्मामीटर झटकतात तसा उजवा हात झटकत राहायची. "हात मेलाय नुसता," एवढंच म्हणायची. पाच-दहा मिनिटांनी हातात जीव आला की पुन्हा आडवी व्हायची. तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी पंधरा दिवसांत. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली आणि पाळी जायच्या वयात असं व्हायचंच, असं सांगितलं. ताकदीची इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, शेजारणीने सुचवलेलं तेल झालं. आईने डॉक्टरांचं म्हणणं मान्य केलं, कारण तिच्या आईचे हातही असेच 'जायचे'.

आठ वर्षांनी तिला पोलक्याचे हूक लावता येईनात. सुईत दोरा ओवता येईना. अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, तो सपाट झाला होता. तेव्हा पहिल्यांदा एका डॉक्टरांनी तिचा हात हातात घेऊन विचारलं, "मावशी, मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात? करंगळीला येतात का?" आई विचारात पडली. आठ वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाली, "नाही हो, करंगळी सोडून." निदान त्या उत्तरातच होतं.

हे प्रकरण त्या प्रश्नाबद्दल आहे. पाळी जाण्याच्या वयात हातापायांना मुंग्या येणाऱ्या, बधिरपणा जाणवणाऱ्या पुष्कळ बायकांना 'कारण काही नाही, वयच आहे' असं सांगितलं जातं. त्यातल्या काहींच्या बाबतीत ते खरंही असतं. पण शोधून कारण न सापडणं वेगळं आणि न शोधताच कारण नाही म्हणणं वेगळं. माझ्या आईच्या अंगठ्याची ताकद या दोहोंमधल्या आठ वर्षांत गेली.

मुंग्या, सुया आणि आग

ही तक्रार बायका नाना शब्दांत सांगतात. हाताला मुंग्या येतात, पाय झोपतो, बोटं बधिर होतात, सुया टोचतात, तळपायांची आग होते, अंगावरून काहीतरी चालत गेल्यासारखं वाटतं, पायाखाली कापूस अंथरलाय असं वाटतं. ऐकणारा हे सगळं एकाच खात्यात टाकतो, पण प्रत्येक शब्द वेगळी माहिती देतो. मुंग्या येतात तेव्हा मज्जातंतू काही कारण नसताना संदेश पाठवत असतो. बधिरपणात संदेश पोहोचतच नसतो. आग होते तेव्हा बहुधा वेदना आणि उष्णता वाहून नेणारे अगदी बारीक तंतू दुखावलेले असतात. पायाखाली कापूस वाटतो, तेव्हा पावलांना जमिनीचा अंदाज देणारी जाणीव कमी झालेली असते. म्हणून आपण वापरलेला शब्द डॉक्टरांसमोर बदलू नये. घरी जसा निघतो तसाच सांगावा.

मुंग्या येण्याला वैद्यकात 'पॅरेस्थेशिया' म्हणतात. अंगावर किडामुंगी फिरल्याचा भास होतो, त्याला 'फॉर्मिकेशन' असं नाव आहे. लॅटिनमध्ये 'फॉर्मिका' म्हणजे मुंगी. युरोपातल्या वैद्यांना आणि आपल्या आज्यांना या भासासाठी एकच प्राणी आठवला.

१९५३ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर हर्बर्ट कुपरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रजोनिवृत्तीच्या त्रासाचं मोजमाप करणारी अकरा लक्षणांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक लक्षणाला वजन दिलेलं होतं. अंगातून वाफा निघण्याला चार, तर मुंग्या येण्याला दोन, म्हणजे झोप न येण्याइतकंच. अंगावर मुंग्या चालल्याचा भास हे त्याच यादीतलं आणखी एक स्वतंत्र लक्षण होतं. त्यानंतर आलेल्या, ग्रीन या संशोधकांच्या एकवीस प्रश्नांच्या यादीतही मुंग्या-बधिरपणा आणि हातापायांची जाणीव जाणं यांना जागा होती. मात्र पुढे जर्मनीत तयार झालेली आणि आज जगभर वापरली जाणारी 'मेनोपॉज रेटिंग स्केल' ही अकरा प्रश्नांची यादी पाहिली, तर तिच्यात मुंग्यांचा उल्लेखच नाही. वाफा आहेत, धडधड आहे, झोप, चिडचिड, सांधेदुखी आहे. यादीत नसलेलं लक्षण विचारलं जात नाही आणि न विचारलेलं लक्षण बाईसुद्धा सांगत नाही. मुंग्यांना आपल्याकडे जी उपेक्षा वाट्याला येते, तिचा एक धागा इथे आहे.

इस्ट्रोजेन ओसरतं तेव्हा

सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी एक्कावन्नाव्या वर्षी घडतं, भारतात सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास. पण खरी उलथापालथ त्याच्या आधीच्या काही वर्षांत होते. त्या काळात अंडाशयातून स्रवणारं इस्ट्रोजेन उताराला लागलेल्या पाण्यासारखं सरळ कमी होत नाही. ते एखाद्या महिन्यात पूर्वीपेक्षाही वर चढतं आणि पुढच्या महिन्यात कोसळतं.

इस्ट्रोजेनचा संबंध फक्त गर्भाशयाशी आहे, असं आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात त्याला ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, शरीरभर विखुरलेले आहेत. पाठीच्या कण्यालगत मज्जापेशींच्या ज्या गाठी असतात, त्यांच्यातही ते आहेत. हातापायांतून येणारी स्पर्शाची आणि वेदनेची प्रत्येक जाणीव याच पेशींमार्फत मेंदूकडे जाते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत हे ग्राहक आहेत, त्वचेतही आहेत. इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांना सैल राहायला मदत करतं. त्वचेतलं कोलॅजन टिकवून धरतं आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत यातलं जवळपास तीस टक्के कोलॅजन कमी होतं. त्वचा पातळ आणि कोरडी झाली, की तिच्यातल्या मज्जातंतूंची टोकं जास्त चिडतात. खाज आणि अंगावर काही फिरल्याचा भास या काळात का वाढतो, हे यावरून कळतं.

त्यात झोपेची भर पडते. रात्री दोनदा घामाने जाग येणाऱ्या बाईला जी वेदना एरवी झोपेत कळलीही नसती, ती कळते. आणि जिला रात्रभर नीट झोप नाही, तिच्या मेंदूची वेदना सोसण्याची ताकद दिवसाही कमी असते.

म्हणजे पाळीचा आणि मुंग्यांचा संबंध खरा आहे. आईच्या पहिल्या डॉक्टरांनी जोडलेलं नातं चूक नव्हतं. चूक एवढीच झाली, की ते नातं सापडताच शोध थांबला.

सदुसष्ट वर्षांचा उशीर

हीच चूक एकेकाळी सगळ्या वैद्यकशास्त्राने केली होती. १८८० साली बॉस्टनचे मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स पटनम यांनी रात्री हात बधिर होणाऱ्या रुग्णांची एक मालिका नोंदवली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या झोपेतून जाग्या व्हायच्या आणि हात पलंगाबाहेर लोंबता सोडल्यावर, झटकल्यावर किंवा चोळल्यावर त्यांना बरं वाटायचं. पटनम यांनी लक्षणं अचूक टिपली, पण कारण रक्तवाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणात असावं असा अंदाज केला. पुढे जर्मनीत फ्रिडरिश शुल्त्से यांनी या त्रासाला 'अ‍ॅक्रोपॅरेस्थेशिया', म्हणजे हातापायांच्या टोकांच्या मुंग्या, असं नाव दिलं. नाव मिळालं आणि निदान झाल्याचं समाधानही मिळालं. मध्यमवयीन बायकांना होणारा, रक्ताभिसरणाचा नाहीतर मनाचा त्रास म्हणून तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

१९१३ साली पॅरिसमध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी अंगठ्याचे स्नायू झिजलेल्या एका वृद्ध रुग्णाचं शवविच्छेदन केलं. त्या रुग्णाच्या मनगटातला मज्जातंतू एका जाड पट्ट्याखाली दबलेला आणि पट्ट्याच्या अलीकडे फुगलेला होता. हा पट्टा वेळीच कापला असता तर स्नायू वाचले असते, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

मग १९४७ साली लंडनमधले रसेल ब्रेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात सहा रुग्णांची हकिकत छापली. सहाही स्त्रिया होत्या. त्यांच्या मनगटातला तो पट्टा कापून मज्जातंतू मोकळा केला होता. त्यानंतर अमेरिकेत क्लीव्हलंडचे शल्यविशारद जॉर्ज फॅलन यांनी शेकडो हात तपासले आणि हा आजार मुख्यतः चाळिशी-साठीतल्या स्त्रियांचा आहे, हे पुन्हा पुन्हा मांडलं. आज त्याला 'कार्पल टनेल सिंड्रोम' म्हणतात.

पटनम यांच्या टिपणापासून 'लॅन्सेट'मधल्या त्या लेखापर्यंत सदुसष्ट वर्षं गेली. या काळात किती बायका रात्री हात झटकत बसल्या असतील, याची कुठे नोंद नाही.

मनगटातली चिंचोळी वाट

तळहात वर करून मनगटाची पहिली घडी पाहा. तिच्या पुढे, तळहाताच्या बुडाशी, एक बोळ आहे. खाली आणि दोन्ही बाजूंना आठ छोट्या हाडांची कमान, वर न ताणणाऱ्या पट्ट्याचं छत. या बोळातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्यासोबत एकच मज्जातंतू, मीडियन नर्व्ह. दोऱ्यांची आवरणं थोडी जरी सुजली, तरी बोळ रुंद होऊ शकत नाही. दाब येतो तो त्यातल्या सर्वांत मऊ गोष्टीवर, म्हणजे मज्जातंतूवर.

हा मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांना जाणीव देतो. करंगळीचा मज्जातंतू वेगळा असतो आणि तो या बोळातून जात नाही. म्हणून त्या डॉक्टरांनी करंगळीबद्दल विचारलं. झोपेत आपण मनगट नकळत मुडपतो, बोळातला दाब वाढतो, मज्जातंतूचा रक्तपुरवठा अडतो आणि जाग येते. हात झटकला की रक्त पुन्हा वाहू लागतं. आई रात्री जे करत होती, ते डॉक्टर आज या आजाराची एक महत्त्वाची खूण मानतात.

इस्ट्रोजेनचा इथला वाटा बऱ्यापैकी उलगडला आहे. मनगटातल्या पट्ट्यात आणि दोऱ्यांच्या आवरणांत इस्ट्रोजेनचे ग्राहक सापडले आहेत. गरोदरपणात शरीरात पाणी साठतं तेव्हाही हा त्रास होतो आणि बाळंतपणानंतर बहुधा जातो. सर्वांत बोलका पुरावा स्तनांच्या कर्करोगाच्या उपचारांतून मिळाला. पाळी गेल्यानंतर शरीरात जे थोडंफार इस्ट्रोजेन तयार होतं, तेही अ‍ॅनास्ट्रोझोल हे औषध जवळजवळ थांबवतं. त्याची टॅमॉक्सिफेन या दुसऱ्या औषधाशी तुलना करणाऱ्या 'अटॅक' या मोठ्या चाचणीत अ‍ॅनास्ट्रोझोल घेणाऱ्या स्त्रियांमध्ये कार्पल टनेलचं प्रमाण तिपटीहून जास्त आढळलं. म्हणून हे औषध घेणाऱ्या बाईने बोटांच्या मुंग्या आपल्या कर्करोगतज्ज्ञांना जरूर सांगाव्यात, पण औषध स्वतःहून बंद करू नये.

संप्रेरकांच्या जोडीला कामही येतं. कणीक तिंबणं, धुणं पिळणं, शिवणयंत्रावरचं काम, खुरपं आणि विळा, दुचाकीचं थरथरणारं हँडल, तासन्‌तास हातात धरलेला मोबाइल. यातलं काही एकट्याने आजार आणत नसेलही, पण आधीच अरुंद झालेल्या बोळावर रोज भार टाकतं.

घरी करून पाहण्याजोगी एक साधी चाचणी फॅलन यांच्याच नावाने ओळखली जाते. दोन्ही हातांचे पालथे पंजे एकमेकांना टेकवा, बोटं जमिनीकडे, आणि मनगटं साठ सेकंद तशीच मुडपलेली ठेवा. त्या साडेतीन बोटांत मुंग्या सुरू झाल्या, तर संशय बळावतो. पक्कं निदान डॉक्टरांच्या तपासणीने आणि लागलं तर मज्जातंतूतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या एन.सी.व्ही. चाचणीने होतं. त्रास नवा असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा पुष्कळदा पुरतो. तो हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा औषधाच्या दुकानात मिळतो. बांधताना फार आवळायचा नाही आणि मनगट वर-खाली न झुकता सरळ राहील हे पाहायचं. त्याने भागलं नाही, तर बोळात स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि शेवटी छोटी शस्त्रक्रिया. ती हात तेवढा बधिर करून होते आणि बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते. मात्र अंगठ्याचा उंचवटा एकदा सपाट झाला, की शस्त्रक्रियेनंतरही तो पूर्ण भरून येईलच असं नाही. आईच्या मुंग्या शस्त्रक्रियेच्या रात्रीच थांबल्या. सुईत दोरा ओवणं तिला पुन्हा जमलं नाही.

पाय काय सांगतात

मुंग्या दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन हळूहळू वर चढत असतील, मोजा घातल्यासारख्या, तर गोष्ट मनगटाची राहत नाही. तिथे रक्तात काय कमी आहे किंवा काय जास्त आहे, ते पाहावं लागतं.

पहिला संशय मधुमेहाचा. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. बऱ्याच जणांना तो असल्याचं पायच पहिल्यांदा सांगतात. हातापायांचा दाह आणि सुप्तता म्हणजे बधिरपणा, ही प्रमेहाची पूर्वलक्षणं चरकसंहितेतही नोंदलेली आहेत. पाळी जाताना पोटाभोवतीची चरबी वाढते आणि इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावतो, त्यामुळे ही तपासणी नेमकी याच वयात टाळू नये.

दुसरा संशय बी-१२चा आणि तो आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं. ते टिकायला बी-१२ लागतं आणि ते वनस्पतींत नसतं. दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे शहर, तिथल्या झोपडपट्ट्या आणि आसपासची खेडी इथल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६७ टक्के जणांत बी-१२ कमी होतं. पाहणी पुरुषांची होती. पण त्याच घरांत सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवणारी, दुधाचा शेवटचा घोट मुलांना देणारी आणि चातुर्मास पाळणारी बाई असते. तिच्या अंगात ते त्याहून जास्त असेल, असं मानायला काही आधार नाही.

यकृतात बी-१२चा साठा काही वर्षं पुरतो. म्हणून आहार आणि लक्षणं यांच्यात मोठं अंतर पडतं आणि त्यांचा संबंध ध्यानात येत नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतलेलं मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज उठून घेतलेली गोळी, दोन्ही बी-१२चं शोषण कमी करतात. कमतरता मोठी झाली, की न्हाणीघरात डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जातो, अंधारात चालताना भिंतीचा आधार लागतो. डोळे मिटले, की पायांकडून येणारी माहितीच उरते आणि तीच आटलेली असते.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर रक्तक्षय सुधारल्याचं दिसतं पण मज्जातंतूंची हानी आतून चालू राहते. आणि 'ताकदीच्या' बऱ्याच गोळ्यांत बी-१२सोबत बी-६ असतं. ते दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतलं, तर त्यानेच हातापायांना मुंग्या येतात आणि बधिरपणा येतो. मुंग्यांसाठी डोळे झाकून वर्षभर गोळ्या घेत राहणं म्हणूनच बिनधोक नाही. आधी रक्तातली पातळी मोजावी, मग औषध ठरवावं.

तिसरा संशय थायरॉइडचा. ही ग्रंथी मंदावण्याचं प्रमाण स्त्रियांत बरंच जास्त आहे. वजन वाढणं, थकवा, कोरडी त्वचा, केस गळणं ही तिची लक्षणं रजोनिवृत्तीच्या लक्षणांत सहज मिसळून जातात. मंदावलेल्या थायरॉइडमुळे मनगटाच्या बोळातही सूज येते. टीएसएच ही एक रक्तचाचणी त्याचा निकाल लावते.

आणखी काही खुणा

पाळी जाताना काहींना महिनोन्‌महिने अतिरक्तस्राव होतो आणि शरीरातलं लोह आटतं. मग संध्याकाळी आडवं पडलं, की पोटऱ्यांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि चालायला लागलं की थांबतं. लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन ही चाचणी इथे उपयोगी पडते.

जिभेची आणि ओठांची आग होणं, तोंड भाजल्यासारखं वाटणं, हा त्रास पाळी गेलेल्या स्त्रियांतच सर्वाधिक दिसतो. तोंड आतून स्वच्छ दिसतं, म्हणून बाईवर विश्वास ठेवला जात नाही. त्रास मात्र खरा असतो आणि त्यावर उपचार आहेत.

वाफ उसळते तेव्हा छाती धडधडते, जीव घाबरा होतो आणि श्वास भराभर चालतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. अशा वेळी श्वास सोडण्याचा वेळ लांबवत सावकाश श्वास घेतला, तर काही मिनिटांत मुंग्या ओसरतात.

त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेवर घेतलं, तर विकृती येत नाही. लाजेपोटी घालवलेले महिनेच नुकसान करतात.

आणि काही बधिरपणा असा, की घरातलं काम बाजूला टाकून निघावं. अचानक एका बाजूचा हात, पाय किंवा चेहरा सुन्न होणं, तोंड वाकडं होणं, शब्द अडखळणं ही पक्षाघाताची लक्षणं आहेत. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लगेच १०८ला फोन करावा. छातीवर दाब, घाम आणि हाताला मुंग्या एकत्र आल्या, तर हृदयाचा विचार आधी करावा, कारण पाळी गेल्यानंतर स्त्रियांना इस्ट्रोजेनचं संरक्षण उरत नाही. मांड्यांच्या मधला भाग बधिर होऊन लघवीवरचा ताबा जात असेल, तर तेही सकाळपर्यंत थांबण्यासारखं नाही.

पिशवी काढल्यानंतर

सगळ्यांचीच पाळी वयाने जात नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. 'पिशवी काढली' असं या बायका सांगतात, पण पिशवीसोबत अंडाशयही काढले होते का, हे अनेकींना सांगितलेलंच नसतं. अंडाशय काढले, तर इस्ट्रोजेन वर्षांच्या उताराने न जाता एकदम जातं. अंडाशय ठेवले, तरी त्यांचं काम थांबण्याचं वय काहीसं अलीकडे येतं. तिशी-पस्तिशीतल्या बाईच्या हाताला मुंग्या येत असतील, तर तिच्या वयाकडे पाहून रजोनिवृत्ती कुणाला सुचत नाही आणि तिच्या हातातल्या कोयत्याकडे पाहून मनगटही कुणाला सुचत नाही. जिची पिशवी काढली आहे, तिने शस्त्रक्रियेचा कागद सांभाळून ठेवावा आणि त्यावर अंडाशयांबद्दल काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं.

कागदावरचा हात

डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, म्हणून तयारी घरी करावी. कोऱ्या कागदावर आपला तळहात ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ ओढा. जिथे मुंग्या येतात तिथे बारीक रेघा मारा, जिथे बधिर वाटतं तो भाग गडद करा. पावलांचंही तसंच करा. खाली लिहा: कधी येतात, कशाने थांबतात, एका बाजूला की दोन्ही, शेवटची पाळी कधी आली, कोणत्या गोळ्या किती वर्षं चालू आहेत. मज्जातंतूंचे तज्ज्ञही हाताच्या अशाच आकृत्या वापरतात. तपासण्यांत साखर, बी-१२, टीएसएच, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन यांविषयी विचारा.

हे सगळं होऊनही काही जणींचे अहवाल स्वच्छ येतात. मुंग्या आज हातात, उद्या पाठीवर, वाफेबरोबर येतात आणि तिच्याबरोबर जातात. अशा वेळी ओसरत्या इस्ट्रोजेनकडे बोट दाखवणं रास्त आहे आणि या मुंग्या शरीर नव्या पातळीला स्थिरावलं की बहुधा निवतात. चालणं, पुरेशी झोप, त्वचेला तेल किंवा मॉइश्चरायझर यांचा उपयोग होतो. वाफा आणि निद्रानाश जगणं कठीण करत असतील, तर संप्रेरक उपचारांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावं. ते प्रत्येकीला चालत नाहीत, विशेषतः स्तनांचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना नाहीत. पण नुसत्या भीतीपोटी त्यांचा विचारच न करणंही बरोबर नाही.

मागच्या वर्षी माझ्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मी आता सत्तेचाळीसची आहे. आईला फोनवर सांगितलं, तर तिने वय विचारलं नाही, तेलही सुचवलं नाही. म्हणाली, "कोणत्या बोटांना येतात, ते आधी नीट बघ. करंगळी धरून की करंगळी सोडून?"